फिलामेंट कुणाचं?

१२ जून

चिरंजीव भिंगरी,

आशीर्वाद नेहमीच्या जागी ठेवलेत, तिथून उचलून घे.

अक्षर लागत नसेल तर दोष माझा नाही. हाताचा व्यायाम घेणारी बाई म्हणते, "काका, उजव्या हाताने रोज एक पान लिहा, बोटं शिकतील." म्हटलं, या वयात बोटांना शाळेत घालताय होय! पण लिहितोय. आणि लिहायचं तर तुलाच, कारण बाकीचे सगळे याच घरात राहतात. घरातल्या घरात पत्रं लिहायला लागलो तर तुझी मामी मला वेगळ्याच डॉक्टरकडे नेईल.

हाताचं म्हणशील तर, थंडीत मोटरचं झाकण काढताना पत्र्याने मनगट कापलं, नस तुटली, डॉक्टरांनी शिवली, एवढं तुला ठाऊक आहे. तेव्हापासून अंगठा आणि शेजारची दोन बोटं माझ्या हाताला आहेत, पण माझी नाहीत. भाडेकरूसारखी राहतात. कप धरतात, पण चहा गरम की गार हे मालकाला कळवत नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. तुझं आणि आमच्या युवराजांचं काय शिजतंय?

काल दुपारी दुकानात आमचे चिरंजीव व्हार्निशच्या भट्टीमागे जाऊन फोनवर कुजबुजत होते. ज्याला रस्त्यावरून चालताना कुठल्या मोटरचं बेअरिंग जातंय ते ऐकू येतं, त्याला स्वतःच्या पोराची कुजबुज ऐकू येणार नाही होय? तो म्हणाला, "फिलामेंट अजून वरच आहे का, ताई? मग बाबांना आत्ता नको सांगूस."

फोन ठेवल्यावर मी सहज विचारलं, "कसलं रे फिलामेंट?"

"बल्बचं, बाबा. एका गिऱ्हाइकाचा बल्ब उडाला."

भिंगरी, आमच्या दुकानात मोटर येते, पंखा येतो, पंप येतो. बल्ब येत नाही. बल्ब उडाला की माणूस नवा आणतो, वाइंडिंगवाल्याकडे घेऊन येत नाही. आणि बल्बचं फिलामेंट तुटतं, जळतं, ते "वर" कधी असतं गं?

युवराज ज्या बहिणीला 'ताई' म्हणतात ती एकच आहे, आणि तीच दर महिन्याला "अभ्यासासाठी" माझं रक्त मागवते. नाक्यावरचा लॅबवाला हल्ली मला पाहिलं की लांबूनच बाही वर करायची खूण करतो. मी इतके दिवस काही विचारलं नाही. आता विचारतोय.

तुझा,
मामा

२१ जून

मामा,

नमस्कार. तुमचे कान एखाद्या संग्रहालयात ठेवायला हवेत.

फिलामेंट बल्बचं नाही, तुमचंच आहे. माझं काम नसांच्या सांगाड्यावर आहे. सांगाडा म्हणजे हाडांचा नव्हे, पेशीच्या आतला, प्रथिनांच्या तंतूंचा. मज्जापेशीचा धागा पाठीच्या कण्यापासून बोटाच्या टोकापर्यंत जातो. एवढा लांब आणि इतका बारीक धागा आतून कशानेतरी सावरलेला हवाच. त्यातले काही तंतू रुळांसारखे असतात, त्यांच्यावरून माल इकडून तिकडे जातो. काही धाग्याला जाडी देतात, बळकटी देतात. त्यांना न्यूरोफिलामेंट म्हणतात.

तुमची नस कापली गेली तेव्हा कापापासून बोटांपर्यंतचा भाग मेला. त्यातला सांगाडा मोडला आणि त्याचे तुकडे रक्तात उतरले. ते तुकडे मोजता येतात. म्हणजे रक्तात फिलामेंट जास्त असेल तर कुठेतरी नस मोडतेय. जखम भरत जाते तसा आकडा उतरतो. दुसरीकडे शिवलेल्या टोकातून नवा कोंब निघतो. पण त्याच्या सांगाड्याचं सामान तिथे तयार होत नाही, ते पार कण्याजवळ बनतं आणि तिथून रांगत रांगत खाली येतं. म्हणून बोटांना इतका वेळ लागतोय. दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. त्या बाईंवर चिडू नका.

युवराज उगीच घाबरतो, म्हणून मीच त्याला म्हटलं होतं की आत्ता काही बोलू नकोस. बल्ब मात्र त्याच्या डोक्यातून आला. त्याला खोटं बोलता येत नाही, हे तुमच्याच संगोपनाचं यश आहे.

आता मला थोडं सांगा. जिना चढताना पाय अडखळतो का? बोलताना जीभ जड होते का? दंडाचं किंवा पोटरीचं मांस आपोआप फडफडतं का? डाव्या हाताने बरणीचं झाकण उघडतं ना?

पुढच्या वेळी युवराजचंही रक्त पाठवा. तुलनेला एक धडधाकट माणूस हवा. सोबत लेबलं पाठवतेय. निळं तुमच्या बाटलीला, पिवळं त्याच्या.

भिंगरी

५ जुलै

भिंगरी,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, पोरगी हुशार आहे. मग वाटलं, जरा जास्तच हुशार आहे.

तुझ्या नसेबद्दल आधी माझी तक्रार ऐक. आमच्या धंद्यात तुटलेली तार वाढत नाही. कॉइल जळली की सगळी उपसून नवी भरावी लागते. तुझी नस स्वतःच स्वतःची वाइंडिंग करते म्हणजे ती माझा धंदा बुडवायला निघालीय. तरी मानलं. मनगटावर टिचकी मारली की झिणझिण्या पूर्वी तिथेच उठायच्या, आता तळव्याच्या मध्यावर उठतात. म्हणजे काहीतरी सरकतंय खरं.

पण बाई, बिघडलाय हात आणि तू चौकशी करतेस पायाची, जिभेची, पोटरीची! मी लोकांच्या मोटरी दुरुस्त करून मोठा झालोय. पंखा दुरुस्तीला आलेल्या माणसाला मी "घरचा पंप कसा चालतो?" असं विचारलं, तर समजायचं, मला त्याच्या घरच्या लायनीतच गडबड दिसतेय आणि मी ते बोलत नाहीये.

हे प्रश्न मी आधी ऐकलेत. तुझ्या आईला, माझ्या आक्काला, डॉक्टरांनी अगदी हेच विचारले होते. जिना चढता का, झाकण उघडता का, जीभ बाहेर काढा. तू तेव्हा लहान होतीस, बाहेर बाकावर बसवलं होतं तुला. मी आत उभा होतो. आधी तिच्या हातातून वस्तू पडायला लागल्या, मग पाय गेले, मग आवाज. शेवटी ती डोळ्यांनीच मला रागवायची.

म्हणून सरळ विचारतो आणि सरळच उत्तर हवंय. आक्काला जे झालं, ते मला झालंय का?

की यात काहीच नाही, आणि युवराजांना माझी खुर्ची हवी आहे? कारण हल्ली ते फार काळजी घेतात. "बाबा, तुम्ही वजन उचलू नका." "बाबा, गिऱ्हाइकाशी मी बोलतो." परवा माझं स्टूल हलवून भिंतीशी ठेवलं, म्हणे टेकायला बरं. माणूस जिवंत असताना त्याचं स्टूल भिंतीला लावतात का कधी? बापाला आजारी ठरवायचं आणि हळूच बाजूला सारायचं, असं करणारी पोरं मी बाजारात पाहिलीत. त्यात शिकलेल्या बहिणीचा आकडा हाताशी असला की मग काय विचारता.

पाय अजिबात अडखळत नाही. चप्पल तेवढी निसटते. चांभाराने पट्टा ढिला लावलाय. नवी घेतली, तीही ढिलीच. चपला करणारेही चोर झालेत.

मामा

१५ जुलै

मामा,

तुम्ही सरळ विचारलंत, तर मला जेवढं सरळ सांगता येईल तेवढं सांगते. मला माहीत नाही.

तुमचा आकडा उतरतोय, पण मला वाटला होता त्यापेक्षा हळू. हात अजून भरतोय म्हणून असेल. वयानेही तो थोडा वर राहतो, मूत्रपिंड किंवा साखरेमुळेही राहतो. एका आकड्यावरून आजाराचं नाव घेणं म्हणजे नुसता धूर बघून घरात काय जळतंय ते सांगणं. चूलही असेल. म्हणून मी थांबलेय, लपवत नाहीये. लपवत असले तर एवढंच, की मी हे सगळं तुमच्यासाठी नियमाबाहेर करतेय. घरातल्या माणसांचं रक्त आमच्या प्रयोगशाळेत असं घेता येत नाही. मी कामाच्या नमुन्यांमध्ये तुमची बाटली सरकवते.

युवराजवर संशय घेऊ नका. तो फोनवर दुकानाबद्दल एक अक्षर बोलत नाही, फक्त विचारतो, "बाबा बरे होतील ना?"

चप्पल कुठल्या पायातली निसटते?

भिंगरी

४ ऑगस्ट

भिंगरी,

बाटल्या पाठवल्या. युवराज सुई बघून पांढरे पडले. लॅबवाला त्यांना म्हणाला, "दादा, तुमच्या बाबांकडे बघा, ते माझ्याशी गप्पा मारत रक्त देतात." म्हटलं, बाबा दुसऱ्याचं रक्त आटवून मोठे झालेत, त्यांना स्वतःच्या थेंबाचं काय कौतुक! लॅबवाल्याला खोका बांधायला वेळ नव्हता, गर्दी होती. म्हणून लेबलं मी चिकटवली, खोका मी बांधला. तू पाठवलेली निळी आणि पिवळी दोन्ही लावलीत. काळजी नसावी.

झिणझिण्या आता अंगठ्याच्या मुळाशी आल्यात. काल सोल्डरिंगचा चटका बसला आणि मी ओरडलो. तुझी मामी धावत आली, तर मी हसत होतो. तिला वाटलं, याचं आता डोकंही गेलं. मी सांगितलं, अगं, भाजलं! भाजल्याचं कळलं!

आकडा आला की दोन्ही बाटल्यांचा नीट लिही. चपलेचा पाय डावा. तुला कशाला हवाय?

मामा

२५ ऑगस्ट

मामा!

हे पत्र मी उभ्यानेच लिहितेय. तुमचा आकडा आला. उतरला! इतका खाली येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. एखाद्या तरुण माणसाचा असावा तसा आहे. मशीनमध्ये पुन्हा घालून बघितला, पुन्हा तेच. म्हणजे हाताची नस भरलीय आणि बाकी कुठे काही मोडत नाहीये. आईला झालं ते तुम्हाला नाही. मी घरी आल्यावर आईच्या फोटोसमोर उभी राहून मोठ्याने सांगितलं. शेजारणीने दार वाजवून विचारलं, काय झालं.

चपलेबद्दल विचारलं ते विसरा. चांभारच चोर असणार.

युवराजच्या बाटलीचं काही विशेष नाही. ती तुलनेपुरती होती.

तुमची,
भिंगरी

६ सप्टेंबर

भिंगरी,

तुझा आनंद पोचला. मामीने वाचून डोळे पुसले.

पिवळ्या बाटलीचा आकडा मात्र पत्रात दिसला नाही. निळीचा आनंद एवढा आणि पिवळीला एकच ओळ, तीही "विशेष नाही." गिऱ्हाइकाच्या दोन मोटरी दुरुस्त केल्या आणि एकीबद्दलच बोललो, तर तो दुसरीबद्दल विचारणारच. पिवळ्याचा आकडा कळव.

आणखी एक. युवराजांचं लग्न पुढे ढकललंय. कारण विचारलं तर म्हणतात, "घाई कशाला?" दुकानात माझं स्टूल परत मधोमध आणून ठेवलंय आणि स्वतः भिंतीशी बसतात. गिऱ्हाइकाशीही मीच बोलायचं म्हणे. मुलगी चांगली आहे, शाळेत शिकवते, तिच्या घरचेही सरळ दिसले. मग हे काय चाललंय?

मामा

१३ सप्टेंबर

मामा,

कृपा करून त्या बाटलीबद्दल विचारू नका. तो आकडा त्याचा आहे, ज्याला सांगायचा त्याला मी सांगितलाय. त्याला काही दिवस त्याच्या मनासारखं करू द्या. लग्नाचं कारण विचारू नका. जड मोटरी उचलायला लावू नका. तुम्ही बरे आहात, एवढ्यावर आत्ता समाधान माना.

मी त्याला फोनवर सांगायला नको होतं. समोर बसून सांगायला हवं होतं. पण मीही माणूसच आहे.

भिंगरी

२० सप्टेंबर

भिंगरी,

हे पत्र बसून वाच. आणि चिडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग चीड.

पिवळ्या बाटलीतलं रक्त युवराजचं नव्हतं. माझं होतं. निळ्या बाटलीत त्याचं होतं. लेबलं मी बदलली.

माझा बेत असा होता. धडधाकट पोराचं रक्त माझं म्हणून पाठवायचं. तू "मामा, आकडा वर आहे" असं कळवलंस, की तुम्हा भावंडांचा डाव उघडा पडला. मला वाटलं, वाइंडिंगवाल्याला फसवणं सोपं नाही हे पोरांना दाखवतो. तू लिहिलंस की तरुण माणसासारखा आहे. अगदी खरं लिहिलंस. तरुण माणसाचाच होता तो. तुझं उत्तर वाचलं आणि मी ताडकन उठलो, कारण तू खोटं बोलत नाहीस म्हटल्यावर उरलं काय? पिवळी बाटली. म्हणून तिचा आकडा मागितला. तू सांगितला नाहीस, तेव्हाच कळलं. तरी मी आणखी थोडे दिवस ढकलले. तुझ्या शेवटच्या पत्रानंतरही. स्वतःचं ऐकायला कान पुढे होत नाहीत.

काल दुपारी ती मुलगी दुकानात आली. मी आतल्या बाजूला स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा भाग, तारेने भरत होतो. दोघं पुढच्या फळीशी.

ती म्हणाली, "घाई कशाला म्हणजे? आपलं ठरून किती दिवस झाले, आणि तुला आज घाई दिसली?"

"थांबूया एवढंच म्हणतोय."

"मी नकोय का?"

"तसं नाही."

"दुसरी कोणी?"

"नाही गं. तू आपलं दुसरं बघ."

"भाजी आहे का मी, ही नको तर ती बघा म्हणायला?"

मग तो अगदी हळू बोलला. मोटरी चालू होत्या तरी मला ऐकू आलं. "माझ्या आत्याला जे होतं ना, ते माझ्या रक्तात दिसतंय. तू माझ्या नादी लागू नकोस."

भिंगरी, माझ्या हातातून तारेचं रीळ पडलं. मी बाहेर आलो आणि म्हटलं, "ते रक्त तुझं नाही. माझं आहे."

त्याच्याआधी मुलीच्या लक्षात आलं. "म्हणजे बाबा, तुम्ही बाटल्या बदलल्यात?"

"लेबलं."

"का?"

"मला वाटलं, हा मला आजारी ठरवून दुकान घेतोय."

ती म्हणाली, "शाळेत पोरं असं करतात, तेव्हा आम्ही पेपर काढून घेतो आणि पालकांना बोलावतो. तुमच्या बाबतीत कोणाला बोलवायचं?"

युवराज म्हणाला, "बाबा, खुर्ची हवी असती तर मागितली असती हो. तुम्ही दिली नसतीत, आपण भांडलो असतो, आई मध्ये पडली असती, संपलं असतं. मी इतके दिवस रोज सकाळी उठून दोन्ही हातांची बोटं हलवून बघतोय. कपबशी धरताना बघतोय, आज पडते का. माझ्या गळ्यात हे बांधून तुम्ही शांतपणे स्टेटर भरत होतात?"

मी म्हटलं, "तू धडधाकट आहेस. भिंगरीने मशीनमध्ये पुन्हा घालून बघितलंय."

तेव्हा तो हसला. खळखळून, लहानपणी हसायचा तसा. मुलगीही हसली. आणि मग त्याचं हसणं मध्येच थांबलं. निळी त्याची, तर पिवळी कुणाची, हे त्याला तेव्हा उमगलं. तो माझ्या पायांकडे बघायला लागला. मी डाव्या पायातली चप्पल लपवायला गेलो आणि ती निसटली.

लग्न ठरल्या दिवशी आहे. मुलीने माझ्याकडून वचन घेतलंय की मंगलाष्टकं होईपर्यंत मी कुठल्याही वस्तूला लेबल लावणार नाही.

तू माझ्यामुळे त्या पोराला सांगितलंस आणि स्वतःला दोष देत बसलीस. तो दोष माझ्या नावावर लाव. नियमाबाहेर केलंस ते तुझ्या वरिष्ठांना सांगायचं असेल तर सांग. मी येऊन सांगतो, वाटलं तर.

आता माझा प्रश्न, आणि तो रागाचा नाही. आक्का माझी बहीण, तशी तुझी आई. माझं रक्त तू दर महिन्याला घेतलंस. युवराजचं घेतलंस. तुझ्या एवढ्या पत्रांत एकदाही "माझा आकडा असा आहे" असं आलेलं नाही. दुसऱ्या कोणी ते लक्षात घेतलं नसतं. तुझं रक्त कुठल्या बाटलीत आहे, भिंगरी?

मामा

२७ सप्टेंबर

मामा,

पहिल्यांदा चिडले. मग रडले. मग तुमच्या होणाऱ्या सुनेचं वाक्य आठवून हसले. आता लिहितेय.

साठीच्या माणसाचा, त्यातही कापलेल्या नसेचा आकडा एवढा खाली येत नाही. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. माझ्या मनात तेव्हाच शंका यायला हवी होती. मला ती येऊ द्यायची नव्हती. आपल्या दोघांत एकाने नको तितका संशय घेतला आणि दुसरीने हवा होता तेवढाही घेतला नाही.

आज वरिष्ठांना सगळं सांगितलं. खूप बोलले. मग नसांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना त्यांनीच फोन केला आणि तुम्हाला रीतसर वेळ मिळवून दिली. त्या तुमचा पाय बघतील, स्नायूत सुई घालून नसेचा जोर मोजतील. पिवळ्या बाटलीचा आकडा वर आहे, अजून बराच वर आहे. हातामुळे एवढा राहायला नको. मी हे आता गोड करून सांगत नाही. पण त्याचं नाव आईचंच आजारपण असं अजून कोणी म्हटलेलं नाही, आणि तपासल्याशिवाय कोणी म्हणणारही नाही. कंबर लचकून तिथली नस दाबली गेली तरी चप्पल निसटते.

एक विचित्र गोष्ट सांगते. ज्या तंतूंचे तुकडे रक्तात बघून मी घाबरते, त्याच तंतूंनी तुमचा अंगठा परत जिवंत केलाय. मोडणारं आणि बांधणारं सामान एकच. वर्षानुवर्षं मी त्याच्यावर काम करतेय, आणि अजून मला कळलेलं नाही की ते कुठे थांबतं आणि का.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कुठल्याच बाटलीत नाही. मी माझं रक्त कधी मोजलेलं नाही. मशीन माझ्या टेबलापासून हाताच्या अंतरावर आहे. सगळ्यांना वाटतं, मी आईसाठी या कामात आले, धीट आहे. मी या कामात आले कारण दुसऱ्यांचे आकडे बघत बसलं की स्वतःचा बघायला वेळ नाही म्हणता येतं. तुम्ही आता विचारलंत, तर आता तेही म्हणता येत नाही.

मला कळून घ्यायचंय की नाही, हेच मला माहीत नाही.

भिंगरी

२ ऑक्टोबर

भिंगरी,

दवाखान्याच्या दिवशी आम्ही येतोय. मी, तुझी मामी, आणि युवराज. पोराने हट्ट धरलाय, म्हणे बाबांना एकटं सोडलं तर ते डॉक्टरीणबाईंच्या पाटीवरचं नावही बदलतील.

माझी तपासणी तू बघ. जे असेल ते माझ्या तोंडावर सांगायला लाव. हळू आवाजात बोललात तरी मला ऐकू येणारच आहे, तेव्हा तो त्रास घेऊ नका.

तुझ्याबद्दल मी रोज विचार करतोय. आयुष्यभर मला एकच गोष्ट जमली, समोरचा काय लपवतोय ते हुडकायचं. तुझ्या बाबतीतही तेच केलं आणि तुला कोपऱ्यात पकडलं. आता वाटतं, ते माझं काम नव्हतं. तुला स्वतःचा आकडा बघायचा असेल तर त्या दिवशी माझ्या शेजारच्या खुर्चीत बस, मी तुझा हात धरेन, आता मला त्याची ऊबही कळेल. नसेल बघायचा, तर नुसती बाहेर बाकावर मामीजवळ बस.

बाकावर बसलीस तर मी का, कधी, किती दिवस, काही विचारणार नाही. जेवताना नाही, फोनवर नाही, पत्रातही नाही. तुझ्या आवाजात काही वेगळं ऐकू आलं, तरी नाही.

आम्ही सकाळच्या गाडीने येऊ. घ्यायला यायचं असेल तर ये. नाही आलीस तर का नाही आलीस, तेही विचारणार नाही. इथूनच सुरुवात करतो.

तुझा,
मामा